मधल्या किमतीचा कान

टक.

आवाज येतोय ना? मग ऐका. मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. ना स्वस्त ना महाग, दुकानाच्या मधल्या फळीवर बसणारा मायक्रोफोन. मला डोळे नाहीत. वीज मिळाली की मी ऐकतो, वीज तुटली की माझ्यापुरतं जग थांबतं. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जिथे कुणी मला जोडलं तिथे ती आहे, मधल्या जागा रिकाम्या आहेत. त्या तशाच राहू द्या.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझ्या छातीत कागदाहून पातळ पडदा ताणून बसवलाय, हे मी पुढे लोकांच्या बोलण्यातून ऐकलं. माझा जन्म मी बिश्केकमधल्या एका दुकानात धरतो. तिथे मी पहिल्यांदा माणूस ऐकला.

टक.

"गा ना, अपा," दुकानदार तोलोगोन म्हणत होता. "गाऊन पाहिल्याशिवाय कोणता घ्यायचा ते कसं कळणार?"

"कोशोक गाऊ? तुझ्या दुकानात?" हा सायकाल अपाचा आवाज; अपा म्हणजे आई, आणि म्हाताऱ्या बाईला तिथे सगळेच अपा म्हणतात. मुलगी सासरी निघाली की घरातली बाई रडत रडत निरोप गाते, तो कोशोक. माणूस कायमचं गेलं तरी कोशोकच. "कुणी निघालेलं नसताना कोशोक गायलं की कुणाला तरी निघावंच लागतं, पोरा. तुला जायचंय का?"

"नको बाई! घरी नूडल्स शिजतायत."

अपाची मुलगी बुरुलचा हसली नाही. ती तोलोगोनच्या जवळ येऊन हळूच बोलली, पण मी जोडलेला होतो. अपाच्या गळ्यात गलगंडाची मोठी गाठ होती. ती काढताना आवाजाची नस वाचेलच असं डॉक्टर सांगू शकत नव्हते. बुरुलचाच्या मुलीचं, कानिशायचं, लग्न ठरलं होतं, पण ते उन्हाळी कुरणावरून खाली गावात उतरल्यावर, शस्त्रक्रियेच्या नंतर. म्हणून अपाचं गाणं आधीच टिपून ठेवायचं होतं.

"आमच्या घरातली प्रत्येक मुलगी अपाच्या कोशोकवर उंबऱ्याबाहेर पडली," ती म्हणाली. "मीसुद्धा. माझी कानिशाय तेवढी मुकी जाणार का?"

तोलोगोनने घसा साफ केला. मग म्हणाला, "अपा, कोशोक राहू द्या. घोड्यांना हाक तर माराल?"

हाक मारायला अपाची ना नव्हती. "कुरू, कुरू, कुरू!" दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून बाजूला झालं.

आम्ही तिन्ही माईक एकदमच जोडलेले होतो; आधी स्वस्तातल्याची पाळी झाली. "अपा पत्र्याच्या डब्यात बसलीय," बुरुलचाने कानांवरचे हेडफोन काढत निकाल दिला. मग महागड्याची. त्याने अपाच्या श्वासातली घरघर, शेजारच्या दुकानातला फ्रीज आणि रस्त्यावरची बस, सगळं एका पंक्तीला बसवलं.

"तो वाईट नाही हो, एजे," तोलोगोन बुरुलचाला समजावत होता; एजे म्हणजे ताई. "पण त्याला बंद खोली लागते. भिंतींना गाद्या लागतात. तुमच्याकडे काय आहे?"

"तंबू आहे. कुत्री आहेत. वारा आहे."

"मग या मधल्याला ऐका."

मी माझ्या परीने नीट ऐकलं. बुरुलचा एकदम म्हणाली, "अपा, कानाशी येऊन कशाला बोलतेस? दचकले ना मी!"

"मी कुठे आले? इथे उभी आहे," अपाचा आवाज लांबूनच आला. मग ती म्हणाली, "हाच घे गं. तो महागडा माझं दुखणं गावभर सांगत बसेल. हा आपला शहाण्या सुनेसारखा, ऐकायचं तेवढंच ऐ—"

इथे माझी तार काढली.

टक.

वारा. लांबवर मेंढ्या. आणि माझ्याभोवती विलक्षण शांतता. मी उन्हाळी कुरणावरच्या गोल तंबूत होतो. लोकरीच्या नमद्याच्या भिंती आवाज पिऊन टाकत होत्या, कुठूनही काही परत येत नव्हतं. तोलोगोनने सांगितलेली गाद्यांची खोली मेंढ्यांनी आधीच देऊन ठेवली होती. त्या मेंढ्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो.

कानिशाय हेडफोन लावून संगणकापाशी बसली होती. बाहेर जीपचा भोंगा वाजला. अपाला इस्पितळात नेणारी जीप.

"अपा, आता तरी गा."

"कुणासाठी गाऊ? जिला निरोप द्यायचा ती समोर कान झाकून बसलीय. उठून निघालेली इथे मी एकटीच आहे. मग हा कोशोक कुणाचा होईल, सांग बरं?"

बुरुलचाच्या तोंडून घाबरलेला हुंकार निघाला. तिलाही हीच भीती होती. एकदा ती म्हणाली, "गाऊ नकोस, अपा." लगेच म्हणाली, "नको कशी म्हणू? गा." 

भोंगा पुन्हा वाजला.

"मग मी निघते," कानिशाय म्हणाली. "खरोखर निघते. ओढ्यापलीकडे मावशीच्या तंबूत जाते. अपा बरी होऊन परत येईपर्यंत या दारात पाय ठेवणार नाही."

"अगं, म्हणजे तू तिला पोचवायलाही नसणार!" बुरुलचा ओरडली.

"सासरी निघालेली मुलगी कधी कुणाला पोचवायला थांबते का?"

अपाने पेटीचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "नवा रुमाल बांध डोक्याला. अशी बोडकी नको जाऊस."

यंत्र चालू ठेवून कानिशाय गेली. रिकीब खणखणली, टापा लांब गेल्या. अपाने श्वास घेतला आणि मित्रांनो, तिचा आवाज माझ्यापासून फिरला.

कोशोक गाणारी बाई लोकांकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करते. हे त्या घरात सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच ते कुणाला वेगळं आठवलं नाही, आणि मला तंबूच्या मधोमध एका खुंटावर अपासमोर उभं केलं होतं. मी ऐकतो ते पुढून. माझ्याकडे पाठ केलेल्या माणसाला मी जवळजवळ बहिरा. आता अपाचं गाणं मला डोंगरापलीकडून आल्यासारखं येत होतं, आणि हेडफोन लावून हे ओळखणारी मुलगी घोड्यावर बसून निघून गेली होती.

मुलीच्या आईने अशा वेळी मागे बसून रडायचं असतं. कोशोक चालू असताना मधेच उठायचं नसतं. बुरुलचाचं रडणं मी ऐकत होतो. ते थांबलं. कपड्यांची सळसळ झाली, पावलं आली, आणि तिने मला खुंटावरून उपटून हातात घेतलं. अपा आणि नमदा यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरून तिने मला अपाच्या ओठांपुढे धरलं.

"शिंगरू निघालं ओढ्यापार, घोडीनं कुठवर पाहावं?
तुझ्या पाठीशी माझा आवाज, तू पुढंच पाहत जावं..."

गाणं टिपताना मला कुणी हातात धरत नाही. धरलं की हाताचा आवाज गाण्यात उतरतो. बुरुलचाच्या बोटांची घसट, तिच्या मनगटातली धडधड, तिचे गिळलेले हुंदके, सगळं माझ्यात येत होतं. त्यातून अपा येत होती. मी जमेल तेवढं तिलाच धरून राहिलो.

शेवटची ओळ झाली. अपाने नाक शिंकरलं. "चला आता. नाहीतर तो ड्रायव्हर माझ्या नावाने कोशोक सुरू करायचा."

टक.

पुन्हा तोलोगोनचं दुकान. अपा वाचली होती. आवाज वाचला नव्हता. उरली होती फक्त कुजबुज.

"हा खालून धबधब येतोय ना," तोलोगोन म्हणत होता, "हा मला काढता येईल. हुंदकेही पुसता येतील. गाणं स्वच्छ करून देतो."

"धबधब नाही ती," कानिशाय म्हणाली. "आई आहे माझी. राहू द्या तिला तिथेच."

टक.

लग्न. गावातल्या अंगणात पुन्हा तोच गोल तंबू उभारला होता. बाहेर चहाचे समोवार उकळत होते, लोक एकमेकांना जेवणाचा आग्रह करत होते. गाडी दाराशी येऊन उभी होती. तोलोगोनही पाहुणा म्हणून आला होता, मोठा कर्णा घेऊन. त्यातून तो कोशोक वाजवायचा ठरलं होतं. त्या दिवशी माझं काहीच काम नव्हतं. तरी अपाने मला आधीच जोडून ठेवायला लावलं होतं; का, ते आता कळलं.

"मी मेले का?" ती कुजबुजली. "नाही ना? मग जिवंत बाईचा निरोप डब्यातून कशाला? ते गाणं तिला सासरी घेऊन जाऊ दे. आज मी गाणार."

"अगं अपा, तुझं मलाच नीट ऐकू येत नाहीये," बुरुलचा म्हणाली.

"तुला नसेल येत. याला येतं."

तोलोगोनची धांदल उडाली. "माईक आणि कर्णा एका जागी आले तर कानठळ्या बसतील!"

"मग कर्णा बाहेर ने, पोरा. मध्ये नमदा आहे की."

या वेळी मला आधीपासूनच भिंतीपाशी ठेवलं होतं. अपा भिंतीकडे वळली ती थेट माझ्याकडे. तिने गायला सुरुवात केली. सूर नव्हता. श्वास होता, आणि श्वासावर ठेवलेले शब्द होते. मी ते उचलून बाहेर देत गेलो. बाहेरचे पेले वाजायचे थांबले. आग्रह थांबला. नमद्यापलीकडून मला फक्त गाडीचं इंजिन ऐकू येत होतं, आणि तेही कुणीतरी बंद केलं.

"जा, आयलानाइन," अपा म्हणाली. तुझ्यावरून ओवाळून जाईन, असं. गाडीतल्या कानिशायने ते ऐकलं. मला कसं कळलं? तिचा हुंदका कुठूनतरी नमद्यातून झिरपून माझ्यापर्यंत पोचला. मग गाडीचं दार लागलं, इंजिन पुन्हा सुरू झालं आणि लांब गेलं.

"बंद कर आता याला," अपा पुटपुटली. "माझं धापा टाकणंसुद्धा गावाला ऐकू जातं—"

टक.

त्यानंतर लोकांनी माझं पुष्कळ कौतुक केलं, मग मला रजयांच्या पेटीत ठेवून विसरलेही. एकदा माझ्यावर घोडीचं आंबवलेलं दूध सांडलं. तेव्हापासून मी थोडा खरखरतो. हल्ली बुरुलचा शिकवते त्या बालवाडीत असतो. कानिशायची मुलगी तिथेच येते आणि माझ्यासमोर कोकराचा आवाज काढते. तक्रार काही नाही. मला निवडताना कुणी माझी चमक पाहिली नाही, एका म्हातारीचा आवाज माझ्यातून तिचाच येतो का, एवढंच पाहिलं. असं निवडलं जाणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

मागणं एकच आहे, मित्रांनो. चालू आहे का ते पाहायला लोक माझ्या तोंडावर फुंकर मारतात, टिचक्या मारतात. माझा पडदा फार पातळ आहे, त्याला ते सोसत नाही. त्यापेक्षा जवळ या आणि बोला. आवाज बसलेला असला तरी चालेल.