चकचकीत डाख

हातातल्या तपासणीयंत्राने तिसऱ्या दिव्यातही शिसं दाखवलं, तेव्हा रुईझेनने यंत्र खाली ठेवलं. अहो, शिसं निघालं कशात, तर लहान मुलांच्या खोलीत लावायच्या दिव्यांत! आणि कधी, तर जर्मन गिऱ्हाइकाचा तपासनीस दुपारी डोंगग्वानच्या त्यांच्या कारखान्यात येणार, नेमकं त्याच सकाळी. चार हजार दिवे खोक्यांत बंद झालेले. ‘युरोपचे शिसेबंदीचे नियम पाळले आहेत’ या हमीपत्रावर सही कुणाची? रुईझेनची. पर्यावरण विभाग म्हणून कारखान्यात होती ती एकटीच.

तिन्ही दिव्यांत शिसं एकाच प्रकारच्या जागी होतं, हाताने दुरुस्त केलेल्या डाखावर, म्हणजे बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यावर. ती धावतच हौ मावशींच्या बाकाशी गेली. वीस वर्षं त्या बिघडलेले बोर्ड नीट करत होत्या. त्यांच्या खणात डाख द्यायच्या जुन्या शिसेवाल्या तारेचं रीळ निघालं.

“मावशी, हे काय हो?”

“काय म्हणजे? बिनशिशाचा मेला डाख मळकट दिसतो. तपासणीच्या पोरी बोर्ड परत पाठवतात, चमक नाही म्हणून. मग मी यातली जराशी लावते. बघ, कसा आरसा झालाय!”

“चमक हवी असं सांगितलं कुणी?”

मावशींनी तिला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “भिंतीवर काय टांगलंय? शिकलेली ना तू? वाच.”

भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं होतं, ‘डाख चकचकीत हवा.’ खाली सही, गंग रुईझेन. दोन वर्षांपूर्वी तार बदलून बिनशिशाची आणली, तेव्हा तिने जुना तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला होता. ती चमक शिशाची होती, एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला की रडूही येईना.

मालक पांगसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “असे दिवे किती?”

“साठेक असतील. कुठल्या खोक्यात गेले, नोंदच नाही.”

“चार हजारांत साठ! तो काढणार वीस. तू तोंड उघडू नकोस. अगदीच सापडलो तर म्हातारीचं नाव सांगू. तार तिचीच ना?”

दुपारी मा नावाचा तो तपासनीस आला. चहा प्यायला आणि मनाला येईल त्या खोक्यांतून वीस दिवे काढून बसला. एकेक दिवा उघडायचा, यंत्र टेकवायचं, थांबायचं. त्या थांबण्यात रुईझेनचा जीव टांगणीला लागायचा. बारावा झाला. सतरावा झाला. विसावाही स्वच्छ निघाला.

“छान,” मा म्हणाला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “बाई, इथं सही.”

पांगसाहेबांना हसू आवरत नव्हतं. रुईझेनने पेन उचललं. सुटलो, असं वाटायला हवं होतं, पण वाटेना. तिने नजर चुकवायला काचेपलीकडे पाहिलं. हौ मावशी जेवायला न जाता बाकावरच बसल्या होत्या. तार धरलेल्या त्याच काळ्या बोटांनी पाव तोडून तोंडात घालत होत्या.

“मा साहेब, सही नाही करत मी,” ती म्हणाली. “साठ दिव्यांत शिसं आहे. सगळी खोकी उघडावी लागतील. मावशींचा काही दोष नाही, तक्ता मी लिहिला.”

“डोकं फिरलंय हिचं!” पांगसाहेब ओरडले. पण ती तोवर दार उघडून पळत सुटली होती.

“मावशी, थुंका ते! शिसं पोटात जातंय! आधी हात धुवा, साबणाने धुवा!”

मावशी घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिल्या. “अगं, झालं काय तुला? वीस वर्षं मी असंच खातेय.”