बसा ना, बाबा

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यामुळे पहिल्या दिवशी मी पाठ दुखते असं सांगितलं आणि पाठीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा खरं सांगावंच लागलं. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, बाहेरची मूळव्याध आहे, कोंब सुजलाय, पण ऑपरेशनची गरज नाही. दोन महिने फक्त शहाण्यासारखं वागायचं.

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला शहाण्यासारखं वाग म्हणायला काय जातंय. दिवसातून तीनदा टबात कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटं बसायचं. रात्री इसबगोल, दिवसभर भरपूर पाणी, मलम. तिखट आणि मटण बंद. कठीण जागेवर बसायचं नाही, जोर करायचा नाही आणि संडासात पेपर न्यायचा नाही. पेपरचं मला सगळ्यात जास्त लागलं. तळवड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनपुढे उभ्यानं काढली. निवांत बसणं काय ते तेवढंच होतं.

निगडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. सुमन जाऊन चार वर्षं झाली. ती असती तर तिनं पाणी तापवून दिलं असतं आणि दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीला सांगूनही टाकलं असतं. आता पाणी मीच तापवतो, कोपर बुडवून बघतो आणि टबात बसून समोरच्या फरश्या मोजतो. आडव्या अकरा, उभ्या सात. खोटं कशाला सांगू, बायको गेली तेव्हा जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं त्या टबात वाटलं. तेव्हा निदान चार माणसं येऊन बसत होती.

मुलगा गणराज आयटीत आहे, मारुंजीला भाड्यानं राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं दिव्याशी लग्न केलं. ती भंडाऱ्याकडची, आमच्यातली नाही. मला न विचारता सगळं ठरवलं याचा मला राग आला. आमच्या गावाकडे, साताऱ्याच्या बाजूला, राग दाखवायची एक रीत आहे. कार्याला जायचं, पण टेकायचं नाही आणि पाण्याला शिवायचं नाही. तोंडानं काही बोलावं लागत नाही, सगळ्यांना कळतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी तसाच दहा मिनिटं उभा राहिलो आणि निघून आलो. दिव्या स्वतः खुर्ची घेऊन आली होती. मी त्या खुर्चीकडे बघितलंही नाही.

राग वर्षभरात विरला. पण राग गेला हे सांगायची आमच्याकडे रीतच नाही. मी वाट बघत बसलो. शेवटी या मार्चमध्ये गणराजचा फोन आला, रविवारी जेवायला या, दिव्या स्वतः करणार आहे. तेव्हा टब सुरू होऊन दहा दिवस झाले होते. नशीब म्हणतात ते हेच.

तिनं त्यांच्याकडचा मटणाचा काळा रस्सा केला होता. वास जिन्यात येत होता. घरात नव्या लाकडी खुर्च्या, शिसवी, गुळगुळीत आणि दगडासारख्या कठीण. "बसा ना, बाबा," दिव्या म्हणाली. मी म्हटलं, नको, उभाच बरा आहे. ती तीनदा म्हणाली, मी तीनदा तेच उत्तर दिलं आणि बाल्कनीतून समोरच्या इमारती बघत राहिलो. ताट वाढल्यावर पोट बरं नाही म्हटलं आणि ओट्याशी उभं राहून दोन घास दहीभात खाल्ला. सुनेला काय सांगणार? नव्या सुनेशी पहिलं बोलणं ते, आणि विषय हा? घरी येऊन पाणी तापवलं तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलोय.

फोन बंद झाले. महिनाभर वाट बघून मीच केला. गणराज थंडपणानं बोलला. "हॉलवर आलात तसेच घरी आलात, बाबा. ती पहाटे पाचला उठली होती. यापुढे तिला मी तुमच्यापुढे उभी करणार नाही."

सांगायचं होतं. अरे, तसं नाही, मला मूळव्याध झालीय, एवढी चारच शब्दांची गोष्ट होती. जिभेवर आली आणि तिथंच राहिली. सुमनचं नाव घेऊन शपथ खावी असं वाटलं, तेही जमलं नाही. मी एवढंच म्हणालो, "येत्या रविवारी येतो. तिला म्हणावं, तोच रस्सा कर."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सूज निम्म्यानं उतरलीय, म्हणाल्या, अजून तीन आठवडे नेटानं पाळा, आत्ता घसरलात तर पुन्हा पहिल्यापासून. मी मान हलवली. नंदीबैलही इतक्या मनापासून हलवत नसेल.

रविवारी दिव्यानं दार उघडलं आणि बाजूला झाली. बसा म्हणाली नाही. मी सरळ आत गेलो, खुर्ची ओढली आणि बसलो. पहिल्याच क्षणी डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलाची कड धरून मी म्हटलं, "वाढ, पोरी. भूक लागलीय."

तिनं आधी गणराजकडे बघितलं. मग तिनं वाढलं. रस्सा जाळ होता आणि चांगला होता. मी वाटी पुसून खाल्ली, पुन्हा मागितली आणि पाऊण तास त्या खुर्चीवरून हललो नाही. तिनं तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या, गणराज हसला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती म्हणाली, तिखट झालं का? मी हो म्हटलं.

गणराज गाडीनं सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं, कारण गाडीत बसावं लागलं असतं. निगडीची बस जवळजवळ रिकामी होती. मी दांडा धरून उभा राहिलो. तिकीट देऊन झाल्यावर कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा की. सगळी गाडी रिकामी हाय."

"मूळव्याध आहे," मी म्हणालो. इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"आमच्या ड्रायव्हरलाबी हाय. उशी घालून चालवतो."

"घरी माहीत आहे त्यांच्या?"

"न्हाई. मला तेवढं ठाऊक."

तो पुढे जाऊन ड्रायव्हरशी बोलत उभा राहिला. खिशात फोन वाजला. गणराजचा मेसेज होता. दिव्या फार खूश आहे, दर रविवारी यायचं म्हणते, दर रविवारी हाच रस्सा करणार आहे. मी एका हातानं 'नक्की येतो' लिहिलं आणि निगडी येईपर्यंत दुसऱ्या हातानं दांडा धरून ठेवला.