सत्तेचाळीस नंबरची नळी

डॉक्टरबाई सहा वर्षं अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर संशोधन करत होत्या. पुढं होणाऱ्या आजाराची चाहूल रक्तात आधीच लागते का, हे त्यांना पाहायचं होतं. मधेच त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पाठीला भाऊ-बहीण कुणी नव्हतं. वडिलांच्या शहरातल्या एका संस्थेनं जागा देऊ केली, तेव्हा संशोधनाचं अनुदानही सोबत न्यायचं ठरलं.

त्यांना वाटलं होतं, एका अर्जाचं काम. जुन्या संस्थेच्या ना-हरकत पत्रालाच चार महिने लागले. ते हातात पडतंय तोवर नव्या संस्थेनं कळवलं, की रक्ताचे नमुने आणायचे तर प्रत्येक घराची संमती नव्यानं घ्या. जे नाही म्हणतील, त्यांचा नमुना नष्ट करा. घरं होती दोनशे बारा.

सिस्टर होत्या म्हणून ते जमलं. सहा वर्षं त्याच घरोघर जाऊन बाळांची वजनं घेत होत्या. त्यांची नोकरी जुन्या संस्थेतली, त्या सोबत जाणार नव्हत्या. तरी रजा टाकून हिंडल्या. सात आठवड्यांत दोनशे अकरा सह्या झाल्या.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," सिस्टर म्हणाल्या. उरलेलं घर सत्तेचाळीस नंबरचं होतं. तिथलं बाळ चौदा महिन्यांचं असताना दगावलं होतं. आजाराची चाहूल सगळ्यांत स्पष्ट सापडली होती ती त्याच्याच रक्तात.

त्याची आई शिवणकाम करायची. मशीनवरचं कापड बाजूला सारून तिनं दोघींना बसायला जागा केली, पाणी दिलं. डॉक्टरबाईंनी काय ते सांगितलं. आवाज कोरडाच ठेवला, नाहीतर पुढं बोलवलं नसतं. ती ओळींखालून बोट सरकवत कागद वाचत राहिली.

"त्याचं रक्त अजून आहे?"

"आहे. गोठवून ठेवलंय. बोटाच्या पेराएवढी नळी आहे."

ती सिस्टरकडे बघून म्हणाली, "ताई, शेवटी त्याच्या हाताला शीर सापडत नव्हती. तुम्ही डोक्याला सुई लावली होती."

सिस्टरनी मान हलवली.

"आता त्याला कुठं नेऊ नका. पुष्कळ सोसलं त्यानं."

या एका नळीनं पुढं कितीतरी बाळं वाचतील, हे डॉक्टरबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. नकाराची चौकट दाखवून पेन पुढं केलं. सही करताना आईनं विचारलं, नळी नष्ट कोण करणार.

"मी स्वतः करीन."

जिना उतरताना सिस्टर म्हणाल्या, की मॅडम, थोडं समजावलं असतं तर ती तयार झाली असती.

"झाली असती. म्हणून तर नाही समजावलं."

त्यांनी शब्द पाळला. उरलेल्या नळ्या बर्फाच्या पेटाऱ्यातून रवाना झाल्या. नव्या जागी निष्कर्ष लंगडा पडला, आणखी दोन वर्षं बाळं तपासावी लागणार होती. वडील मात्र डाव्या हातानं जेवायला शिकले.

महिन्याभरानं सिस्टरचा फोन आला. ती आई दवाखान्यात येऊन विचारून गेली होती, काम झालं का म्हणून.

"झालं म्हणून सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा खोलीत मी एकटीच होते. घाई केली नाही, हेही सांगा."