भोक न पाडलेल्या कॅन

सावद्याच्या वेशीबाहेरची सुक्या कचऱ्याची शेड बचत गटाकडे होती, आणि बचत गट म्हणजे कुंदाबाई. घराघरातलं प्लास्टिक, पुठ्ठा, काच तिथं बायका निवडायच्या. केळीवर फवारायच्या औषधाच्या रिकाम्या कॅनही त्यात यायच्या. त्यांना नियम एकच: तापल्या सळईनं बुडाला भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कुणी त्यात काही भरायला नको.

"धडधाकट कॅनचा जीव कायले घेता व?" कुंदाबाई म्हणायची. राख आणि नारळाच्या शेंडीनं घासून ती कॅन उन्हात ठेवायची. वास गेला म्हणजे औषध गेलं, हे तिचं शास्त्र. लेबलाचा एक निळा कोपरा मात्र कधीच निघायचा नाही.

विकत नव्हती हं! पैसे घेतले की माणूस मोकळं होतं. फुकट दिलं की जन्माचं मिंधं राहतं. कॅन नेली त्या प्रेमराजकडून केळीचा घड यायचा, रेशनच्या रांगेत तिला कुणीतरी पुढं घ्यायचं. कुणाकडं आपली कॅन आहे, हे तिला तोंडपाठ होतं.

"अक्का, पाडून टाक ना भोक," शेडमधली द्रौपदाबाई म्हणायची. "तुही माया अंगाशी येईन."

"तुले दिली नाही म्हणून जळती व?" असं कुंदाबाई म्हणाली की सगळ्या हसायच्या.

वैशाखात लेक मयुरी पाचोऱ्याहून बाळंतपणाला आली. सातवा महिना. आठवडाभरातच ओकाऱ्या सुरू झाल्या, लाळेनं उशी भिजू लागली.

"आई, अंधुक दिसतं व."

"मलेबी झाल्तं तुह्या वेळेस," कुंदाबाई म्हणाली. झालं नव्हतं. मयुरीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तशा तिनं एकदाच पाहिल्या होत्या, फवारणी करताना औषध चढून बागेत पडलेल्या झुलाल मजुराच्या. तो विचार तिनं पदर झटकावा तसा झटकला.

त्या दुपारी मयुरीनं पाणी मागितलं, तिच्या वडिलांनी खाटेखालून ग्लास भरून दिला. तिथं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे काय हो?" कुंदाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"फिल्टरचं पाणी," तोताराम कौतुकानं म्हणाला. "पोरीला माठातलं कशाला? प्रेमराजनं कॅन दिली. म्हणे, अक्काचे लय उपकार, एखादा तरी फेडू द्या."

"कधी?"

"ती आली त्याच दिवशी."

कुंदाबाईनं गोणपाट सोडलं. कडीखाली निळा कोपरा होता.

मयुरीच्या हातातला ग्लास तिनं उडवला. "रिक्षा आणा! जळगावच्या दवाखान्यात. कॅनबी घ्या संगं, डॉक्टरला दाखवा."

"काय सांगू त्यांना?"

"माह्यं नाव सांगा."

रिक्षा आली. मयुरीचं डोकं मांडीवर घ्यायला तिनं एक पाय आत ठेवला, आणि तोंडपाठ नावं आपोआप ओठांवर आली. प्रेमराज. रेशनवाला. चिंधाची सून. मोहिनीची आई, तीन कॅन. आज मोहिनीची हळद.

गल्लीच्या टोकाला मांडवात ताट-वाट्या वाजत होत्या.

"आई, चल ना व," मयुरी कण्हली.

कुंदाबाईनं आतला पाय बाहेर घेतला. "तुम्ही निघा," ती तोतारामला म्हणाली, आणि अनवाणीच मांडवाकडं धावली.

मोहिनीच्या आईनं तिला लांबूनच पाहिलं आणि भरला ग्लास उंचावला. "या अक्का, ताक घ्या! सगळं तुमच्याच कॅनमधलं शे!"