गोबिनटोल्याची माती

"दोन आकडे बदलायचे, त्यासाठी दोन वर्षं कागद अडून राहिलाय," आमचे मुख्य कारकून, बडा बाबू, चष्मा पुसत म्हणाले. "वसतीची गावं चारशे एकतीस आहेत, ती चारशे तीस करा. बेचिराग सव्वीस, ती सत्तावीस. झालं."

आमच्या कार्यालयातून दर वर्षी जिल्ह्याची माहितीपुस्तिका निघते. दक्षिणेला गंगा, दवाखाने किती, शाळा किती, मका किती पिकला. क्षेत्रफळ तेवढं जुन्या मोजणीचंच छापतो. नदीनं कितीही खाल्लं तरी कागदावर जिल्हा तेवढाच राहतो. एकोणीस वर्षं मी ती टाइप करते आहे. ज्या गावात एकाही घरी दिवा लागत नाही ते बेचिराग. त्याचं नाव राहतं, नंबर राहतो. लोकसंख्येच्या रकान्यात एक आडवी रेघ येते.

बदलायचं होतं ते गाव गोबिनटोला, माझं माहेर. सात वर्षांपूर्वी श्रावणात ते गंगेत गेलं. तेव्हापासून आमची अकरा घरं नदीच्या बांधावर ताडपत्र्या टाकून राहतात. दुसरीकडे घरापुरती सरकारी जमीन मिळायची आहे. पण गाव उरलं नाही, असं गावातल्या सगळ्यात वडील माणसानं आधी लिहून द्यावं लागतं. ते वडील माणूस म्हणजे माझे भैया, रामसोहावन. ते सही करत नव्हते.

"शनिवारी यादी बंद होते," बडा बाबू म्हणाले. "भाचीच्या लग्नाला जाताच आहात, कागद घेऊन जा. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकणार ते?"

गुरुवारी पूजा आटोपून निघाले. भैया बांधावर खाटेवर बसले होते.

"आलीस बबुनी? पिशवीत साडी आहे की सरकार?"

"दोन्ही आहे भैया."

"साडी भौजीला दे. सरकार राहू दे पिशवीत."

भौजीनं माझा गुरुवारचा उपास लक्षात ठेवला होता. केळी आणि गूळ पुढे करत ती हळू म्हणाली, "तूच सांग ह्यांना. मागच्या पावसात दोनदा चूल वाहून गेली. पोरगी सासरी जाईल, मी काय ह्या ताडपत्रीखालीच मरू?"

"ऐकू येतंय मला," भैया म्हणाले. "गाव आहे. पाण्याखाली आहे, एवढंच. पाणी उतरतं की नाही?"

दुपारी मटकोर होता. लग्नाआधी बायका गाणी म्हणत गावची माती खणून आणतात. त्या मातीची चूल करायची, तिच्यावर लग्नाच्या लाह्या भाजायच्या. भौजी म्हणाली, बांधाच्या पायथ्याची माती घेऊ.

"ती ट्रकनं आणलेली माती," भैया म्हणाले. "कुठली कोण जाणे. माझ्या पोरीला गोबिनटोल्याची लागेल."

वैशाखात पाणी खाली गेलं होतं. पात्राच्या मध्ये एक लांबट बेट वर आलं होतं, आमचं गाव होतं साधारण त्याच जागी. आम्ही सहाजणी, भैया, कुदळ आणि टोपली, असे नावेत बसलो.

"हे बेट यंदाचंच आहे भैया," बिसुनदेव नावाडी म्हणाला. "वरून कुठून तरी वाहत आलंय."

"तू नाव चालव. तुझ्या बापाला नाव लावायला घाट कोणी दिला होता? आमच्या गावानंच ना?"

"दिला होता. आता घाटपण नाही नि बापपण नाही."

बेटावर उतरल्यावर भैया पावलं टाकत पुढे गेले. "इथं पिंपळ. इथून वीस पावलं, आपलं दार." ते थांबले. भौजीनं कुदळ मारली. वाळू निघाली. गुडघाभर खणलं, तरी वाळूच. आधी एकीचं गाणं थांबलं, मग सगळ्यांचंच. भौजीनं मूठभर ओली वाळू घेऊन गोळा वळला. हात उघडला तशी ती बोटांतून गळून गेली. मग भैया खाली बसले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तळातली वाळू काढली, दोन्ही हातांनी दाबली, उघडली. पुन्हा दाबली. मी उभी होते. मनात नाम चाललं होतं, नेहमीसारखं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

"हिची चूल नाही व्हायची," भैया म्हणाले.

परत आल्यावर बांधाच्या पायथ्याशी त्यांनी स्वतःच कुदळ मारली. काळी, चिकट माती निघाली. टोपली भरली तशा बायका पुन्हा गाऊ लागल्या, जरा दबक्या आवाजात.

ते खाटेवर येऊन बसले. "दे तो कागद."

मी वाचून दाखवला. मौजे गोबिनटोला येथे सात वर्षांपासून कोणीही राहत नाही, दिवाबत्ती होत नाही. त्यांनी हात धोतराला पुसले आणि सावकाश सही केली. सहीखाली अजून एक ओळ होती.

"हे काय?"

"पत्ता."

"काय लिहू?"

गोबिनटोला लिहिता येत नव्हतं. बांधही लिहिता येत नव्हता, कारण बांधावर राहायला परवानगी नाही. रकाना मोकळा ठेवून कागद पुढे जात नाही, हे एकोणीस वर्षं मी इतरांना सांगत आले आहे.

"राहू दे मोकळं," मी म्हटलं.

त्यांनी टोपण लावून पेन मला दिलं. तेवढ्यात भौजी पलीकडून म्हणाली, "माती भिजवायला पाणी हवंय."

भैयांनी बादली घेतली आणि ते उतरणीवरून गंगेकडे गेले.