खळीचा एप्रन

फेर्नांदचं चुकलं, असं आमच्या जिन्यातल्या सगळ्या बायका म्हणतात. मी म्हणत नाही. फोटो निघणार म्हटल्यावर पोराला न्हाऊमाखू घालून, घरातलं चांगलं ते अंगावर चढवून पाठवायचं, हे कुठल्याही धुणीवालीला सांगावं लागत नाही. मेनिलमोंतांच्या चढावरच्या धुणीघरात आमचा जन्म गेला. अर्ध्या पॅरिसच्या चादरी आमच्या हाताखालून जातात. आमच्या पोरांच्या पायात एकवेळ बूट नसतील, पण कॉलर मळकी? छट्.

तर झालं असं, की गेल्या वर्षी वसंतात आमच्या बालशाळेत बोलपटवाले आले. गरिबांच्या लहान मुलांचा बोलपट, आणि त्यात मुलं खरीच हवीत म्हणे. शाळेतली क्लेमांस, म्हणजे मुलांची नाकं पुसायला आणि शेगडी पेटवायला ठेवलेली बाई, धुणीघरात येऊन ही बातमी देऊन गेली. एका क्षणात सगळ्यांची धोपटणी थांबली. त्या दिवशी कोणाच्या चादरी नीट निघाल्या असतील असं मला वाटत नाही.

फेर्नांद माझ्या शेजारच्या दगडावर धुवायची, आणि घरीही माझ्या भिंतीपलीकडेच राहायची. नवरा कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. मेलाबिला नाही, नुसता गेला. मागे राहिली मोरिसेत, पाच वर्षांची. पोरीचा एकही फोटो नव्हता. आमच्यात फोटो काढतात तो चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला, पांढऱ्या झग्यात, आणि त्याला अजून पुष्कळ अवकाश होता. फेर्नांद म्हणाली, हा तर आत्ताच निघतोय, आणि वर हलतो-बोलतो.

मग काय विचारता. आदल्या संध्याकाळी तिने पोरीचे केस कुरळे व्हावेत म्हणून साखरेच्या पाण्यात भिजवून चिंध्यांवर गुंडाळले. चौकटीचा एप्रन उकळून काढला आणि त्याला एवढी खळ घातली, की जमिनीवर ठेवला असता तर आपला आपण उभा राहिला असता. निळ्या रिबनीला इस्त्री केली, ती मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा केली. मी म्हटलं, अगं बाई, या पोरीला गरिबाचं काम कोण देईल, राणीचंच देतील. तर म्हणाली, देऊ देत की. सकाळी मोरिसेत जिना उतरली ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून, एप्रनची घडी मोडू नये म्हणून.

दुपारी आली ती कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी. केस पिंजारलेले, गालांवर काळे ओघळ, एप्रन चुरगळून गेलेला, आणि रिबन मुठीत चोळामोळा झालेली. आमच्या भिंती म्हणजे कागद. फेर्नांदने काय हे म्हणून विचारलं, आणि पोरीचं उत्तर मला इकडे स्वच्छ ऐकू आलं.

"मी नाही केलं, आई. त्यांनी केलं."

त्यांनी म्हणजे कोणी? तर बोलपटवाल्यांतल्या शिट्टीवाल्या काकांनी. शेगडीतली काजळी गालाला फासली, केस विस्कटले, एप्रन काढून घेतला आणि दुसराच घातला. मग संपल्यावर हिचा हिला परत दिला. आता मला सांगा, कुठला शहाणा माणूस स्वच्छ पोराला काजळी फासेल? मळलेलं धुवायचं एवढं आम्हाला कळतं. धुतलेलं कोणी मुद्दाम मळवत असेल, हे आमच्या डोक्यात शिरावं तरी कसं? फेर्नांदने पोरीला दोन ठेवून दिल्या. मी दार वाजवून म्हटलं, सोड गं, लहान आहे ती. तर दारातूनच म्हणाली, मळली म्हणून नाही मारत, खोटं बोलली म्हणून मारते.

मोरिसेतने पुन्हा ते नाव काढलं नाही. आणि नोव्हेंबरात घटसर्पाने बघता बघता गेली. इस्पितळात आत जाऊ देईनात. काचेतून जेवढी दिसली तेवढीच दिसली. फेर्नांद लगेचच परत दगडावर आली, कारण चादरी कोणासाठी थांबत नाहीत. पण कामात जीव नव्हता तिचा. तिला एकच ध्यास. दर रविवारी चढाखालच्या सिनेमाच्या दारात जाऊन पाटी बघून यायची, तो बोलपट लागलाय का. मला भीती वाटायची. मी एकदा म्हटलं, कशाला जखमेवरची खपली काढतेस.

तिने हातातला साबण खाली ठेवला. "डोळे मिटले ना, की मला तो काचेमागचा चेहराच दिसतो, ओनोरीन. सुजलेला, निळा. दुसरा आठवतच नाही. तिथे ती कुरळ्या केसांची आहे, रिबन आहे. माराच्या आधीचीच असणार ना? मला तिचा चांगला चेहरा एकदा बघायचाय."



बोलपट आधी मोठ्या रस्त्यांवरच्या थिएटरांत चालला, खूप चालला म्हणे, आणि मग उतरत उतरत आमच्या चढावर आला. रविवारी दुपारी आम्ही दोघी गेलो. फेर्नांदने कॉलरला इस्त्री केली होती, जणू पोरीकडेच पाहुणी निघाली होती. आमच्या पुढे एक पिसाच्या टोपीवाली बाई बसली होती, खालच्या पेठेतली असावी. पहिल्यापासून हिचा रुमाल डोळ्याला.

शाळा आली. तीच पायरी, तीच शेगडी. मग बाकावर ओळीने मुलं. फेर्नांद मान उंच करून मागच्या रांगेत कुरळे केस शोधत होती. मला पोर आधी दिसली. सगळ्यात पुढे बसवलं होतं, मधोमध. गालावर काजळीचे पट्टे, अंगात फाटका काळा एप्रन, त्याची एक बाही लोंबत होती. रडत होती. आवाज न करता, नुसते ओठ थरथरत होते. मी फेर्नांदचं मनगट धरलं आणि म्हटलं, पुढे बघ.

तिने बघितलं. मग म्हणाली, "हा एप्रन तिचा नाही."

आणि शेजारी वाण्याचा ल्युबँ बसलेला, ज्याला त्याची आई हात मळतील म्हणून चेंडूला हात लावू देत नाही. त्याच्याही गालावर तेच पट्टे. त्याच्यापलीकडच्याच्याही. एकाच हाताने रंगवलेले, आंधळ्यालाही दिसावं असे. आणि मोरिसेतची उजवी मूठ घट्ट मिटलेली, बोटांमधून कसलंसं टोक लोंबत होतं.

पुढची टोपीवाली हुंदका देत शेजारणीला सांगायला लागली, की बघा, मुठीत पावाचा तुकडा लपवलाय बिचारीने. आणि ही असली कसली आई, लेकराचं तोंड धुवायला पाणीसुद्धा मिळालं नाही हिला?

माझं डोकं फिरलं. मी काही तोंडाला कुलूप लावून बसणारी बाई नाही. पण मी बोलायच्या आत फेर्नांदने वाकून तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. "पाव नाही तो, बाई," ती अगदी हळू म्हणाली. "रिबन आहे. मी इस्त्री केली होती तिला." टोपीवाली घाबरली आणि उठून दुसरीकडे जाऊन बसली.

बोलपट संपला, दिवे लागले. मी चल म्हटलं, तर ती हलेना. आमच्या थिएटरात एकदा आत आलं की पुढचा खेळही बघता येतो, कोणी उठवत नाही. मीही बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आपण, हे तिला कळलं होतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. चांगला चेहरा बघायला आली होती बिचारी. त्याऐवजी हे बघितलं. आणि माफी मागायची ती कोणाची?

दिवे गेले. पुन्हा शाळा, पुन्हा पायरी, पुन्हा तो बाक. मोरिसेतचे ओठ थरथरायला लागले. फेर्नांद पुढे सरकून बसली, आणि घरात बोलावं तशी मोठ्याने बोलली.

"नाही गं राणी. तू नाही केलंस. त्यांनीच केलं."

मागून कोणीतरी श्श केलं. मी वळून बघितलं, तसा तो गप्प बसला.