जिभेखालचे नाणे

मित्रांनो, मी एक जुने काशाचे नाणे आहे. माझ्यावर रोमन बादशहाचा चेहरा आहे, पण त्याचा तोरा मला कधी मिरवता आला नाही. मासे, अंजीर आणि एकदा गाढवाचा नाल, एवढीच माझी खरेदी. पुढे एका आईने मला आपल्या मेलेल्या मुलीच्या जिभेखाली ठेवले. "नावाड्याला हे दे, राणी. तो पलीकडे नेईल," ती म्हणाली.

मेलेल्यांना नदीपार नेणारा तो नावाडी येईपर्यंत तिचे भाडे सांभाळायचे, एवढेच माझे काम. शेकडो वर्षे मी त्या इवल्या दातांशी पडून राहिले. तिला एकटे वाटू नये म्हणून मला हलायचेही नव्हते.

मग एल जेम गावाजवळ, जैतुनाच्या रोपासाठी खड्डा खणताना, मुनसिफ नावाच्या गृहस्थांनी मला उचलले. हे निवृत्त मास्तर जुनी नाणी जमवत. मला पाहून ते हरखले. त्यांनी मला घरी नेऊन तेलाच्या बरणीत टाकले. तिथे माझ्यासारखी चाळीस हिरवी नाणी मळ सुटायची वाट पाहत होती.

"तेल भाकरीला लावतात रे, गंजाला नाही," त्यांची थोरली बहीण मबरुका म्हणाली. "हे नवं कुठं मिळालं?"

"एका लेकराच्या जबड्यात."

तिचा हात हरिशाच्या तिखट चटणीच्या वाटीतच थांबला. "तोंडातलं काढून आणलंस? आधी परत ठेवून ये."

"ताई, हाडांना काय कळतंय?"

पण त्या दिवसापासून त्यांच्या जिभेखाली काशाची चव येऊ लागली. भाकरीला तीच, पाण्यालाही तीच. आठवड्याभरात मास्तर सुकले. शेवटी त्यांनी बरणी ताटात उपडी केली.

"यातलं तिचं कुठलं?" मबरुकाने विचारले.

मास्तरांनी एकेक नाणे उलटून पाहिले. तेलाने आम्ही सगळी सारखीच काळपट झालो होतो. कोणते कुठून आणले, हे त्यांनी कधी लिहिलेच नव्हते.

मी जिवाच्या आकांताने ओरडले. नाण्याचा आवाज कोणाला ऐकू येतो? त्यांनी माझ्या शेजारचे नाणे उचलले, त्याच खड्ड्यात तिच्या जबड्यात ठेवले आणि माती लोटली. त्यांच्या तोंडाची चव काही गेली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर ती कुठून उचलली ते आधी लिहून ठेवा. मी अजून बरणीत आहे. आणि ती मुलगी काठावर उभी राहून नावाड्याला दुसऱ्याचेच नाणे दाखवत असेल.